मूल्ये आणि मते : ‘कल्चरल बॅकलॅश’ सिद्धान्ताची चिकित्सा

प्रास्ताविक

युरोपातील उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांचा उदय हा गेल्या तीन दशकांत राज्यशास्त्रात सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या विषयांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये २००२ साली ज्याँ-मारी ल पेन अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले. त्या फेरीत त्यांना १७.८ टक्के मते पडली आणि तेवढ्यानेही सारा युरोप हादरला. वीस वर्षांनी, २०२२ साली, त्यांच्या कन्या मारीन ल पेन यांनी त्याच फेरीत ४१.५ टक्के मते मिळवली. तोपर्यंत असे आकडे सवयीचे झाले होते.

या उदयाची कारणमीमांसा करणारे अभ्यासक साधारणपणे दोन गटांत विभागलेले दिसतात. एक गट आर्थिक कारणांवर भर देतो : बंद पडलेले कारखाने, स्वस्त आयात, २००८ चे वित्तीय संकट, घटलेली सामाजिक सुरक्षा. दुसरा गट सांस्कृतिक कारणांवर भर देतो : कुटुंब, धर्म, राष्ट्र, स्त्रियांचे स्थान आणि स्थलांतर यांविषयीची मूल्ये. दुसऱ्या गटाचा सर्वांत वजनदार ग्रंथ म्हणजे पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांचा ‘कल्चरल बॅकलॅश’ (२०१९). केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ या विषयावर लिहिणाऱ्याला टाळता येत नाही, आणि त्यातील प्रमेये अनेकदा सिद्ध सत्ये म्हणून वर्गात सांगितली जातात. ती तितकी सिद्ध आहेत का, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत पॉप्युलिझमसाठी ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ आहे. कर्जमाफी, मोफत वीज, सणासुदीचा शिधा अशा घोषणांसाठी तो वापरला जातो. युरोपीय चर्चेतील अर्थ वेगळा आहे. डच अभ्यासक कास मुड्डे यांनी २००४ पासून मांडलेल्या व्याख्येनुसार, समाज हा ‘शुद्ध जनता’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशा दोन परस्परविरोधी गटांत विभागलेला आहे आणि राजकारण म्हणजे जनतेच्या इच्छेचा आविष्कार असला पाहिजे, असे मानणारी विचारसरणी म्हणजे पॉप्युलिझम. उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांत तिला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते : देश मूळ रहिवाशांचाच असावा ही धारणा, आणि कठोर सुव्यवस्थेचा आग्रह. ‘लोकानुनय’ या शब्दात हे काहीच येत नाही, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

सिद्धान्ताची मांडणी

‘कल्चरल बॅकलॅश’ समजून घ्यायचा तर इंगलहार्ट यांच्या ‘द सायलेंट रिव्होल्यूशन’ (१९७७) या ग्रंथापर्यंत मागे जावे लागते. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा. माणूस ज्या गोष्टीची टंचाई असते तिला अधिक महत्त्व देतो, आणि त्याची मूलभूत मूल्ये तरुणपणीच घडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात जी पिढी वाढली तिने उपासमार आणि युद्ध पाहिले नाही. त्यामुळे तिला पोटापाण्याच्या आणि सुरक्षेच्या प्रश्नांपेक्षा अभिव्यक्ती, पर्यावरण, स्त्री-पुरुष समता हे प्रश्न महत्त्वाचे वाटू लागले. या मूल्यांना इंगलहार्ट यांनी ‘उत्तर-भौतिकवादी’ म्हटले. ती मोजण्यासाठी त्यांनी वापरलेली प्रश्नावली साधी होती : सुव्यवस्था राखणे, शासनाच्या निर्णयांत लोकांना अधिक वाटा देणे, महागाई रोखणे आणि भाषणस्वातंत्र्य जपणे या चार उद्दिष्टांतून प्राधान्यक्रम निवडायचा. पुढे १९८१ पासून सुरू झालेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणाचा पाया याच कामातून घातला गेला.

इटालियन अभ्यासक पिएरो इग्नाझी यांनी १९९२ साली या ‘मूक क्रांती’ची दुसरी बाजू दाखवली. नव्या मूल्यांतून जसे हरित पक्ष जन्माला आले, तसेच त्या मूल्यांना नकार देणाऱ्यांतून नवे अतिउजवे पक्ष जन्माला आले, असे त्यांचे म्हणणे होते. नॉरिस आणि इंगलहार्ट यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते उदार मूल्यांचा प्रसार एका टप्प्यावर असा पोहोचला की, कालपर्यंत बहुसंख्य असलेले परंपरावादी लोक आपल्याच देशात अल्पसंख्य होऊ लागले. वृद्ध, कमी शिकलेले, ग्रामीण, धार्मिक आणि प्रामुख्याने गोरे असे हे मतदार. आपले जग हातातून निसटते आहे या भावनेने ते आज्ञापालन, सुरक्षा आणि गटनिष्ठा या मूल्यांकडे वळतात आणि ही मूल्ये बोलून दाखवणाऱ्या नेत्यांना मत देतात. तरुणांच्या तुलनेत वृद्ध अधिक प्रमाणात मतदान करतात, त्यामुळे संख्येने घटत चाललेल्या गटाचाही निवडणुकीतील प्रभाव टिकून राहतो. यातून एक दिलासाही निघतो : पिढी बदलेल तशी ही लाट ओसरेल.

सिद्धान्ताची बलस्थाने

या मांडणीला भक्कम आधार आहे हे मान्य केले पाहिजे. २००२ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाची सामग्री लेखकद्वयाने वापरली आहे. ज्यांना शिस्त, परंपरा आणि सुरक्षा महत्त्वाची वाटते आणि ज्यांचा स्थलांतराला विरोध आहे, असे लोक उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांना मत देण्याची शक्यता अधिक असते, हा सहसंबंध अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळतो. केवळ उत्पन्न किंवा बेकारी पाहून या मतदाराची ओळख पटत नाही. त्याच्या मूल्यांवरून ती बरीच चांगली पटते.

ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमताचे उदाहरणही सिद्धान्ताला अनुकूल आहे. युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली. लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी केलेल्या मतदानोत्तर पाहणीनुसार १८ ते २४ वयोगटातील ७३ टक्के मतदारांनी संघात राहण्याचा, तर ६५ वर्षांवरील ६० टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. पिढ्यांमधील दरी याहून स्पष्ट क्वचितच दिसते. हा ग्रंथ अशा घटनांच्या ताज्या छायेत लिहिला गेला हे लक्षात घेतले, म्हणजे त्यातील आत्मविश्वासाचे कारण कळते. परंतु एका सार्वमतातून आणि एका सहसंबंधातून सर्वसाधारण नियम काढता येतो का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी सिद्धान्ताला तीन कसोट्या लावून पाहता येतात : काळाची, पिढ्यांची आणि मूल्यांच्या एकजिनसीपणाची.

काळाची कसोटी

मूल्ये सावकाश बदलतात. इंगलहार्ट यांच्या साऱ्या कार्याचा तोच पाया आहे; मूल्ये तरुणपणी घडतात आणि जन्मभर टिकतात. मग पक्षांची मते मात्र दोन-तीन वर्षांत कित्येक पटींनी का वाढतात?

स्पेनचे उदाहरण घ्यावे. ‘व्हॉक्स’ हा पक्ष २०१३ साली स्थापन झाला. २०१६ च्या संसदीय निवडणुकीत त्याला ०.२ टक्के मते मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये तीच १०.३ टक्के झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १५.१ टक्के. स्पॅनिश माणसाची कुटुंब, धर्म किंवा शिस्त यांविषयीची मूल्ये या तीन वर्षांत उलटीपालटी झाली असे कोणतीही पाहणी सांगत नाही. बदलले ते वेगळेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये कातालोनियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेण्यात आले, राष्ट्राच्या अखंडतेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि प्रस्थापित उजव्या पक्षावरचा अनेकांचा विश्वास उडाला.

पोर्तुगालचे उदाहरण त्याहून बोलके आहे, आणि गोव्यातील वाचकांना ते परके वाटू नये. पोर्तुगाल हा उजव्या पॉप्युलिझमपासून मुक्त राहिलेला देश म्हणून बरीच वर्षे ओळखला जात होता. नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०२४ या काळात तेथील पंतप्रधान आंतोनियो कोस्टा होते. त्यांचे पितृघराणे मूळचे मडगावचे. डिसेंबर २०२४ पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. गोव्याशी रक्ताचे नाते असलेली व्यक्ती देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर दोनदा जनतेच्या कौलाने टिकून राहते, याच काळात २०१९ साली आन्द्रे व्हेन्तुरा यांचा ‘शेगा’ हा पक्ष जन्माला आला. शेगा म्हणजे ‘पुरे झाले’. त्या वर्षी त्याला १.३ टक्के मते मिळाली, २०२२ साली ७.२ टक्के, २०२४ साली १८.१ टक्के आणि मे २०२५ मध्ये २२.८ टक्के. शेवटच्या निवडणुकीत पक्षाने ६० जागा मिळवल्या. सहा वर्षांत एका जागेवरून साठ जागा. पोर्तुगीज समाज या सहा वर्षांत अधिक परंपरावादी झाला असे म्हणण्यास आधार नाही. भ्रष्टाचाराची प्रकरणे, घरांच्या वाढत्या किमती, परदेशी रहिवाशांच्या संख्येतील वेगवान वाढ आणि ती जाहीर सभांतून सतत बोलून दाखवणारा एक नेता, या गोष्टी मात्र नव्या होत्या.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टल्स यांनी ‘डेमॉक्रसी इरोड्स फ्रॉम द टॉप’ (२०२३) या ग्रंथात हाच मुद्दा व्यापक पातळीवर सिद्ध केला आहे. त्यांनी त्याच युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाची सुमारे दोन दशकांची सामग्री तपासली. स्थलांतर, युरोपीय एकीकरण, राजकारण्यांवरील विश्वास यांविषयीची सामान्य युरोपीय नागरिकाची मते या काळात जवळजवळ स्थिर राहिली. स्थलांतराविषयीची भावना तर किंचित अनुकूल झाली. त्यांच्या मते ही लाट नसून आधीपासून भरलेला जलाशय आहे. पाणी होतेच; ते केव्हा आणि कोणत्या कालव्यातून सोडायचे हे नेते आणि पक्ष ठरवतात. हे निरीक्षण मान्य केले तर ‘प्रतिक्रिया’ हा शब्दच संशयास्पद ठरतो. प्रतिक्रिया म्हटली की भावनेत वाढ झाली पाहिजे. वाढ झाली आहे ती मतांत.

पिढ्यांची कसोटी

सिद्धान्ताचा दुसरा आधार म्हणजे पिढ्यांमधील दरी. जर्मन अभ्यासक आर्मिन शेफर यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स’ या नियतकालिकात नॉरिस-इंगलहार्ट यांच्या दाव्यांची पुनर्तपासणी केली. पिढ्यांच्या मूल्यांमध्ये फरक आहे; पण तो ग्रंथात सांगितला आहे तितका मोठा नाही, आणि वृद्ध पिढ्या या पक्षांना अधिक मते देतात हा दावा टिकत नाही, असे त्यांना आढळले.

निवडणुकांचे अनुभवही हेच सांगतात. फ्रान्समध्ये २०१७ आणि २०२२ या दोन्ही वर्षी मारीन ल पेन यांच्या विरोधात सर्वांत भक्कमपणे उभा राहिलेला वयोगट सत्तरीपुढील मतदारांचा होता. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत ‘एएफडी’ला २०.८ टक्के मते मिळाली. तेथेही सत्तरीपुढील मतदारांत तिचा पाठिंबा सर्वांत कमी होता आणि मध्यमवयीन, कमावत्या मतदारांत तो अधिक होता. ज्या पिढीने युद्धोत्तर पक्षपद्धती उभी राहताना पाहिली तिची जुन्या पक्षांवरील निष्ठा मूल्यांपेक्षा प्रबळ ठरली, असा याचा अर्थ लावता येईल. मूल्यांनी परंपरावादी असलेली आजी ख्रिश्चन डेमॉक्रॅट पक्षालाच मत देत राहते. तिच्याहून उदार मते असलेला नातू मात्र कोणत्याच पक्षाशी बांधलेला नसतो.

यातून ग्रंथातील दिलासा फोल ठरतो. वृद्ध मतदार काळाच्या ओघात कमी होतील आणि प्रश्न आपोआप सुटेल, ही अपेक्षा बाळगून स्वस्थ बसणाऱ्या लोकशाही पक्षांना तिची किंमत मोजावी लागली आहे.

मूल्ये एकाच माळेतील मणी आहेत का?

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिचा संबंध मुस्लिम समाजाशी थेट पोहोचतो.

नॉरिस आणि इंगलहार्ट मूल्यांची मांडणी एका सरळ रेषेवर करतात. एका टोकाला उदार, आत्माविष्कारवादी मूल्ये. दुसऱ्या टोकाला परंपरा, आज्ञापालन, सुरक्षा. याच दोन लेखकांनी २००३ साली ‘फॉरिन पॉलिसी’ या नियतकालिकात ‘द ट्रू क्लॅश ऑफ सिव्हिलायझेशन्स’ हा लेख लिहिला होता. मुस्लिम देशांतील लोकांना लोकशाही पाश्चात्त्यांइतकीच हवी आहे, हे त्यांनी सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले. मात्र स्त्री-पुरुष समता आणि लैंगिक स्वातंत्र्य या बाबतींत दोन्ही समाजांत दरी आहे, आणि खरा संघर्ष तेथेच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे २००३ साली या रेषेच्या परंपरावादी टोकाला मुस्लिम होते. २०१९ साली त्याच टोकाला मुस्लिमांना विरोध करणारा युरोपीय मतदार येऊन उभा राहिला. एकाच टोकावरचे हे दोन गट एकमेकांच्या समोरासमोर का, याचे उत्तर ही रेषा देत नाही.

रॉटरडॅममधील मोरोक्कन वंशाच्या एखाद्या दुकानदाराचा विचार करावा. वडीलधाऱ्यांचा मान, धर्माचे पालन, कुटुंबाची शिस्त, गल्लीतील सुरक्षितता या सर्व प्रश्नांना तो कदाचित शेजारच्या वृद्ध डच कामगारासारखीच उत्तरे देईल. दोघांचे मत मात्र एका पक्षाला पडणार नाही. अमेरिकेतील मुस्लिम मतदारांचा इतिहास हेच दाखवतो. २००० साली प्रमुख मुस्लिम संघटनांच्या संयुक्त राजकीय समितीने जॉर्ज बुश यांना पाठिंबा जाहीर केला होता. कौटुंबिक मूल्यांविषयीची जवळीक हे त्यामागचे एक कारण होते. २००४ मध्ये मुस्लिम मतदारांचा मोठा भाग जॉन केरी यांच्याकडे गेला. चार वर्षांत मूल्ये बदलली नव्हती. सप्टेंबर २००१ नंतर ‘आपण’ या शब्दातून त्यांना वगळले गेले होते.

स्विंडन या इंग्लंडमधील शहराचा दाखलाही येथे देता येईल. पोर्तुगीज पारपत्रावर गेलेले हजारो गोवेकर तेथे स्थायिक आहेत. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक, कुटुंबवत्सल आणि चर्चशी निष्ठा राखणारे. नॉरिस-इंगलहार्ट यांच्या मापाने पाहिले तर यातील कित्येक जण परंपरावादीच ठरतील. २०१६ च्या सार्वमतात स्विंडनने संघ सोडण्याच्या बाजूने बहुमत दिले. ज्यांच्या वास्तव्याच्या हक्काचा प्रश्न या कौलात गुंतला होता त्या पोर्तुगीज नागरिकांना त्यात मतदानाचा अधिकारही नव्हता.

उलट दिशेने पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. २००१ साली समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा नेदरलँड्स हा जगातील पहिला देश ठरला. पुढच्याच वर्षी समाजशास्त्राचे माजी प्राध्यापक आणि उघडपणे समलिंगी असलेले पिम फोर्तेन यांनी इस्लामला मागास संस्कृती ठरवून निवडणूक प्रचार चालवला. ६ मे २००२ रोजी त्यांची हत्या झाली. मारेकरी प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारा एक डच कार्यकर्ता होता. नऊ दिवसांनी झालेल्या निवडणुकीत फोर्तेन यांच्या पक्षाने २६ जागा जिंकल्या. त्यांच्यानंतर ही जागा घेणारे खेर्त विल्डर्स हेही स्त्रियांचे आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क हा युक्तिवाद मुस्लिमांविरुद्ध वापरत आले आहेत. त्यांचा पक्ष नोव्हेंबर २०२३ मध्ये ३७ जागा घेऊन पहिल्या क्रमांकावर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या जागा २६ वर आल्या.

येथे उदार मूल्येच परक्याला बाहेर ठेवण्याचे कुंपण झाली आहेत. रॉजर्स ब्रुबेकर यांनी २०१७ मध्ये याला ‘सभ्यतावाद’ असे नाव दिले. स्त्री-समता ही आपल्या सभ्यतेची खूण आणि म्हणून परक्याच्या अपात्रतेचा पुरावा, असा हा तर्क आहे. सारा फॅरिस यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या हक्कांच्या नावाने चाललेल्या या राजकारणाची फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्समधील उदाहरणे तपासली आहेत. समतेच्या बाजूने असलेला मतदार येथे उजव्या पक्षाला मत देताना आपली मूल्ये सोडत नाही. त्या मूल्यांचे रक्षण होत आहे असेच त्याला सांगितले जाते. मतदाराची उदारता मोजून त्याचे मत सांगता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. निर्णायक प्रश्न ‘आपण’ कोण, हा आहे; मुड्डे यांनी मूळ रहिवाशांच्या धारणेला या पक्षांचा गाभा मानले ते याच कारणाने.

संस्कृती की अर्थव्यवस्था?

नॉरिस-इंगलहार्ट यांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणात सांस्कृतिक घटकांचा प्रभाव मोठा आणि आर्थिक घटकांचा प्रभाव त्या मानाने कमी दिसतो. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या अध्यापकांसाठी येथे एक चांगला पाठ आहे. पाऊस, पीक आणि शेतकऱ्याचे उत्पन्न यांचे समीकरण मांडताना पाऊस आणि पीक दोन्ही एकाच वेळी समीकरणात घातले, तर उत्पन्नावर प्रभाव पिकाचा दिसतो आणि पावसाचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. त्यावरून पावसाचा उत्पन्नाशी संबंध नाही असे कोणी म्हणणार नाही. पावसाचा परिणाम पिकाच्या वाटेनेच पोहोचतो. आर्थिक असुरक्षिततेमुळे माणूस सुव्यवस्था आणि ‘आपले लोक’ यांकडे वळत असेल, तर मूल्ये समीकरणात घालताच अर्थकारण अदृश्य होणार. गंमत अशी की, टंचाई मूल्ये घडवते हे इंगलहार्ट यांचेच मूळ प्रमेय आहे.

या वाटेचा मागोवा घेणारे संशोधन उपलब्ध आहे. इटालो कोलान्तोने आणि पिएरो स्टानिग यांनी २०१८ मध्ये पश्चिम युरोपातील पंधरा देशांचा अभ्यास करून दाखवले की, ज्या प्रदेशांतील उद्योगांना चिनी आयातीचा अधिक फटका बसला तेथे राष्ट्रवादी आणि अतिउजव्या पक्षांना अधिक पाठिंबा मिळाला. विशेष म्हणजे हा कल नोकरी गमावलेल्यांपुरता मर्यादित नव्हता. त्या प्रदेशातील इतरांतही तो दिसला. नोआम गिड्रॉन आणि पीटर हॉल यांनी २०१७ मध्ये ‘सामाजिक प्रतिष्ठा’ हा दुवा पुढे आणला. समाजात आपले स्थान खालच्या पायरीवर आहे असे वाटणारे लोक या पक्षांना मत देण्याची शक्यता अधिक असते. आणि महाविद्यालयीन शिक्षण नसलेल्या पुरुषांची प्रतिष्ठा अनेक विकसित देशांत इतरांच्या तुलनेत घसरली आहे. प्रतिष्ठा ही पगारातूनही येते आणि मानातूनही. गिरणी बंद पडते तेव्हा पगाराबरोबर गावातील मानही जातो. अशा माणसाचे दुःख आर्थिक की सांस्कृतिक, असा प्रश्न विचारणे फारसे उपयोगाचे नाही.

मत आणि सत्ता यांतील अंतर

शेवटी, मूल्यांचे मत झाले तरी मताची सत्ता होण्यासाठी निवडणूक पद्धतीचा दरवाजा ओलांडावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१५ साली ‘यूकिप’ला १२.६ टक्के मते आणि एक जागा मिळाली. जर्मनीत २०१७ साली ‘एएफडी’ला तितकीच, म्हणजे १२.६ टक्के मते मिळाली आणि जागा ९४. पोलंडमध्ये २०१५ साली ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला ३७.६ टक्के मतांवर ४६० पैकी २३५ जागा मिळून स्वबळावर बहुमत मिळाले, कारण डाव्या पक्षांची मते किमान मर्यादेखाली राहून वाया गेली. २०२३ साली त्याच पक्षाला ३५.४ टक्के मते मिळाली. घट फार मोठी नव्हती. पण मतदान ७४ टक्क्यांवर गेले, विरोधी पक्षांनी आपली मते वाया जाऊ दिली नाहीत आणि सत्तांतर झाले. या आठ वर्षांत पोलिश समाजाची मूल्ये मोजून सत्तांतराचे भाकीत कोणालाही करता आले नसते.

समारोप

‘कल्चरल बॅकलॅश’ हा परिश्रमपूर्वक लिहिलेला ग्रंथ आहे आणि त्यातील सामग्रीचे मूल्य वादातीत आहे. उजव्या पॉप्युलिस्ट पक्षाचा मतदार कोण असू शकतो, हे तो चांगले सांगतो. तो केव्हा तसा होतो, त्याच्यासारखीच मूल्ये असलेला शेजारी तसा का होत नाही, आणि त्याच्या मताचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात मिळत नाहीत. इंगलहार्ट यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या निवडणुकांनी हे प्रश्न अधिक टोकदार केले आहेत.

या उणिवेचे परिणाम वर्गाबाहेरही होतात. सारा दोष मतदाराच्या संस्कृतीवर टाकला की राजकारणी मोकळे होतात. मतदारच असा आहे, त्याला आम्ही काय करणार, असे म्हणत प्रस्थापित पक्ष एकामागून एक स्थलांतरविरोधी भाषा उचलतात, आणि ज्या प्रश्नावर उजवा पक्ष प्रबळ आहे तोच प्रश्न निवडणुकीच्या केंद्रस्थानी आणून ठेवतात. दुसरीकडे, संस्कृती हीच नियती मानली की युरोपातील मुस्लिमांविषयीही तोच न्याय लावला जातो : त्यांची मूल्येच अशी, ती बदलणार नाहीत. ज्या तर्काने गोऱ्या कामगाराला कायमचा प्रतिगामी ठरवता येते, त्याच तर्काने मुस्लिम तरुणाला कायमचा परका ठरवता येते. पहिला तर्क स्वीकारणाऱ्या अभ्यासकाने दुसऱ्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

अध्यापकांना यातून एक साधी पद्धत सुचवता येईल. मूल्य-सर्वेक्षणाचे कोष्टक विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्याशेजारी त्या देशाच्या लागोपाठच्या चार निवडणुकांचे निकाल ठेवावेत. मूल्यांचा आकडा जवळजवळ स्थिर आणि मतांचा आकडा चढउतार करणारा, हे विद्यार्थी स्वतःच पाहतील. त्यानंतर त्या चार निवडणुकांच्या दरम्यान कोणी कोणता प्रश्न उचलला, कोणता पक्ष फुटला, कोणती आघाडी झाली आणि मतदान किती टक्के झाले, याची नोंद त्यांना करायला लावावी. पोर्तुगाल आणि स्पेन ही दोन उदाहरणे यासाठी पुरेशी आहेत. मतदाराच्या मनात काय आहे हे जाणून घेणे आवश्यकच आहे. ते त्याच्या मनातून मतपेटीपर्यंत कोणी आणि कसे नेले, हे तपासल्याखेरीज अभ्यास पूर्ण होत नाही.